शेऱ्याचा रकाना

घोटीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या संपतात तिथे
जैवंती मेहेर ताडपत्री अंथरते.
सुकट, जवळा, सोडे, कडेला बोंबलाच्या जुड्या.
समुद्रापासून इतक्या वर,
की इथल्या पोरांना भरती ठाऊक आहे ती पोलिसांची.

मी वैतरणेच्या धरणावर पातळी वाचायचो.
एकतीस वर्षं. सकाळी सहाला,
पूर असला की तासातासाला, कंदील घेऊन.
पातळी. पाऊस. विसर्ग. तापमान. शेरा.
शेऱ्यात बहुतेक 'निरंक'.

एकदा जवळा मापता मापता ती म्हणाली,
"गेल्या श्रावणात तुमचे दरवाजे उशिरा उघडले ना?"
मी चपापलो. साहेबांनाही आठवलं नसतं.
तुला कोणी सांगितलं?
तिने मूठभर सोडे माझ्या तळव्यावर ओतले.
"यांनी. बघ ना, नखाएवढे.
खाडीतच अडकले, भाऊ. निघायचं कळलंच नाही त्यांना."

मग गिऱ्हाईक नव्हतं तेवढ्या वेळात तिने सांगितलं:
कोळंबी अंडी घालते लांब, खोल, खाऱ्यात.
पिल्लू पापणीच्या केसाएवढं,
भरतीच्या पाठीवर बसून रात्री खाडीत शिरतं,
ओहोटी लागली की तळाला चिकटून राहतं
परत वाहून जाऊ नये म्हणून.
तिवरांच्या मुळांत चिखल खाऊन वाढतं.
आणि एक दिवस पाणी गोडावतं.
डोंगराकडून निरोप आल्यासारखं.
अवसेच्या ओहोटीला सगळी निघतात.
"आम्ही तेव्हा जाळं घेऊन तोंडाशी."

निरोप नाही आला तर?
"मग खाडी तापते, मिठाची होते. दाटी होते."
आणि एकदम आला तर?
ती हसली नाही. "मग काय, अर्धी कच्ची पोरं
दर्यात फेकली जातात. धक्के मारून काढल्यासारखी."

अंजनेरीच्या रांगेत पाऊस पडतो तेव्हा
पूर्वेकडचं पाणी गंगेला जातं,
त्याला घाट, दिवे, पिंडदान, फोटो.
पश्चिमेकडचं आमच्याकडे यायचं.
मी त्याची उंची मोजायचो
आणि ते खाली सोडायचो,
खाली आणखी दोन धरणं, मग मुंबईचे नळ,
उरलंसुरलं खाडीला.
उरलंसुरलं किती, त्याला रकाना नव्हता.

आठवते ती रात्र. वरून फोन, दोन फूट उघडा.
पंधरा मिनिटांनी, चार फूट.
भोंगा वाजवला. नदीकाठची वस्ती उठली,
ढवळू वारे शेळ्या हाकत वर आला,
एक शेळी राहिली म्हणून मला शिव्या दिल्या.
मी वहीत लिहिलं: भोंगा दिला, हानी नाही.
ती रात्र अष्टमीची होती.
हे मी परवा कॅलेंडर काढून पाहिलं,
इतक्या वर्षांनी, बायको म्हणाली,
मुहूर्त बघताय की काय कुणाचा?

आता मी निवृत्त. वह्या रद्दीत गेल्या,
काहींना वाळवी. पातळी यंत्र वाचतं.
तरी ऑगस्टात जैवंतीचा फोन येतो,
मागे वारा, कुत्रं, कुणीतरी जाळं झटकतंय.
"सोडलं का?"
मी चप्पल घालून पुलापर्यंत जातो.
खांबावरच्या पट्टीचे आकडे पुसट झालेत,
सातचा एक झालाय,
पण मला पाण्याच्या रंगावरून कळतं.
थोडं थोडं सोडतायत, म्हणतो मी.
खोटं असलं तरी कधीकधी.

पाव किलोला ती दहा रुपयेही सोडत नाही.
घरी तव्यावर सुकट पडली
की शेजारच्या पारखांची खिडकी लागते.
बायको लसूण ठेचते.
मी एक सोडा न भाजताच दाढेखाली धरतो.
खारट.
किती, ते वाचायला
पट्टी नाही माझ्याकडे.